घाटरक्षक धारोजी आणि माझी तीन वर्गांची साधने

ता. ६ सप्टेंबर १९१३, सकाळ

आज जव्हार दरबारच्या शिक्षणखात्याकडील रा. पोतनीससाहेबांचे पत्र आले. दिवाळीच्या सुमारास काही पाहुणे मंडळी दाभोशाचा धबधबा पाहण्यास येणार. वाटेवर, म्हणजे बरोबर माझ्या शाळेसमोर, मोहाच्या झाडाखाली जो जुना दगडी पुतळा आहे, त्याची माहिती सांगणारी पाटी बसवायची आहे. ‘पुतळा कोणाचा, याविषयी जी साधने मिळतील त्यांची विश्वसनीयता तपासून रिपोर्ट करावा.’ विश्वसनीयता या शब्दाखाली साहेबांनी स्वतः रेघ मारली आहे. अखेर माझ्यासारख्याची गरज पडली.

या आडरानात तीन वर्षे मुळाक्षरे गिरवून घेतोय. हा रिपोर्ट नीट झाला तर जव्हारला बदली नक्की. तिथे वाचनालय आहे, चहाला चार शहाणी माणसे आहेत. बदली हाच उद्देश आहे असे नाही. ज्ञान हा मुख्य उद्देश. पण बदली.

संकल्प: १. रोज पहाटे उठणे. २. रोज साधनांची नोंद. ३. दुपारी वर्गात डोळा लागू द्यायचा नाही.

ही रोजनिशी खासगी आहे. सौ.ने वाचू नये.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मेथड ठरवली. साधनांचे तीन वर्ग. पहिला वर्ग: लिखित आणि छापील. दुसरा वर्ग: सुशिक्षित माणसांची साक्ष. तिसरा वर्ग: अशिक्षित लोक, बायका आणि नातेवाईक. तिसऱ्या वर्गाची नोंद घ्यायची, विश्वास ठेवायचा नाही. सौ.ला वाचून दाखवले. तिने विचारले की मी कुठल्या वर्गात. मी म्हटले, तू दोन्ही कारणांनी तिसऱ्यात. तिने ताक दिले नाही.

दुपारी जरासा डोळा लागला. उद्यापासून.

ता. ७ सप्टेंबर

पहाटे उठणे जमले नाही, पाऊस होता. पुतळ्याची प्रत्यक्ष पाहणी केली. कमरेइतका उंच, सगळा शेंदराने माखलेला. पगडी दिसते. झुपकेदार मिशा. उजवा डोळा मिटलेला, हे फार महत्त्वाचे. रणांगणातील जखम. डाव्या हाताशी एक लांबट उंचवटा, तलवार. (सौ. म्हणते चिलीम. चिलीम घेऊन कोणी लढत नाही.)

माझी थिअरी जुनीच आहे. दोन वर्षांपूर्वी मी ती मांडली तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. हा कोणी घाटरक्षक सरदार. नाव धारोजी असावे. नाव मीच सुचवले, कारण त्या ठिकाणी शोभते.

एक अडचण नोंदवून ठेवतो. मी इथे आलो तेव्हा पुतळ्याला मिशा नव्हत्या असे अंधुक आठवते. नंतर एका वर्षी नाकात काहीतरी होते. कोकणच्या हवेचा दगडावर फार परिणाम होतो. याविषयी स्वतंत्र टिपण लिहिले पाहिजे.

ता. ९ सप्टेंबर

पहिली साक्ष. पांड्या, राहणार इथलाच, भाताची खाचरे शाळेमागे. त्याला विचारले, हा पुतळा कोणाचा. म्हणाला, आमचा बा हाये. मी विचारले, म्हणजे पूर्वज? म्हणाला, नाय, बा. अवंदाचा. एवढे सांगून तो बैलांमागे गेला.

‘अवंदाचा’ म्हणजे काय ते कळत नाही. देवाला बाप म्हणण्याची या लोकांत चाल असावी. पांड्याचा बाप मला आठवतो, एका डोळ्याने अधू, सतत चिलीम. त्याचा या सरदाराशी संबंध नाही. तिसरा वर्ग.

आईही हेच म्हणायची. शाळेलगतच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मला ऐकवायची की अरे, तो पांड्याचा बाप नाही का, ओळखत नाहीस? मला रोज ‘माय, बरी हायेस का’ म्हणून विचारायचा. सोवळ्यातली बाई, पण वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी केल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. आईचे बोलणे म्हणजे तिसऱ्या वर्गातही शेवटचे. नातेवाईक, शिवाय बाई.

आषाढात गेली. कामात असल्यामुळे आठवण येत नाही.

ता. १३ सप्टेंबर

दुसरी साक्ष. रखमी, पाण्याला जाताना. तिने सांगितले की आता पांड्याचा बा आहे, पण त्याआधी तिची सासू होती, काळी म्हातारी. सासू लय चांगली राखायची, त्या सालात वाघाने एक वासरू नेले नाही. मी विचारले की एकाच पुतळ्याचे दोन वेगवेगळे लोक कसे. म्हणाली, एका साली एकच असते, दोन कशाला असतील. आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे मी आडमुठ्या विद्यार्थ्याकडे पाहतो.

निष्कर्ष: साक्षी परस्परविरोधी. सबब दोन्ही बाद. इतका स्वच्छ निकाल एका आठवड्यात लागेल असे वाटले नव्हते. मेथडचा परिणाम.

दुपारी वर्गात डोळा लागला. पोरे पाखरे हाकायला भातात पळाली. पूर्वी आई ओट्यावरून ओरडायची, ‘त्र्यंबका, पोरं गेली बघ’. सगळ्या गावाला ऐकू जायचे. आता निदान ती कटकट नाही. कटकट नाही म्हणूनच डोळा लागतो, हे कारण शास्त्रीय आहे.

ता. १४ सप्टेंबर

रखमी आज पुन्हा आली, बरोबर आणखी दोघी. पाठीमागच्या दाराशी सौ.शी बराच वेळ कुजबुज. काय म्हणून विचारले तर सौ. म्हणाली की त्या आईंची चौकशी करत होत्या, चष्म्याची दोरी डाव्या बाजूला होती की उजव्या. हनुवटीवरचा तीळ केवढा होता. मेलेल्या माणसाच्या तिळाची बायकांना काय पडली आहे. इकडे इतिहास अंधारात आहे. मी सांगितले, दोरी उजव्या बाजूला. सौ. म्हणाली, डाव्या. तिलाच बरोबर आठवते म्हणे, दोरी तीच ओवून द्यायची.

ता. २१ सप्टेंबर, मोखाडा

जव्हारला पाथरवटाकडे जाऊन पाटीच्या दगडाचे ठरवले आणि तेथून छकड्यातून मोखाड्यास आलो. मोखाडा इंग्रजी हद्दीत आहे. इंग्रजी हद्दीतले साधन आपोआप वरच्या वर्गात घालावे असा नियम आज केला.

तिथल्या कचेरीत एका कारकुनास धारोजीविषयी विचारले. त्याने कपाळाला आठ्या घालून आठवले आणि म्हणाला, हो हो, दाभोशाचा सरदार, हे आपण कुठेतरी छापील वाचले आहे, ठाण्याच्या एखाद्या साप्ताहिकात. मला भर कचेरीत नाचावेसे वाटले. इंग्रजी हद्द, सुशिक्षित माणूस, शिवाय छापील. एका वाक्यात दोन वर्ग.

सामानासाठी जरा थांबलो होतो, तेव्हा कळले की तुका नावाचा एक म्हातारा इथे लेकीकडे राहतो, मूळचा दाभोशाचा. म्हटले, आलोच आहोत तर तिसरा वर्गही पुरा करू. तुका अंगणात नागलीच्या पेंढ्यावर ऊन खात बसला होता. त्याला पुतळ्याविषयी विचारले. म्हणाला, मी गाव सोडले तेव्हा माझी आई होती. त्याच्याआधी एक लहान पोर होते. आता कोण आहे? असे त्याने उलट मलाच विचारले.

मी धारोजी सांगितले. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. धारोजी कधी वारला, घरचे कोण आहेत, पोरेबाळे मोठी आहेत ना, असे विचारत राहिला. मी सांगितले, फार जुनी गोष्ट आहे. तो म्हणाला, तरी पण कोणी रडणारे असेल ना. त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. निघताना त्याने माझ्या हातात दोन काकड्या दिल्या, एक धारोजीच्या घरच्यांसाठी.

दोन्ही मीच खाल्ल्या. परतीच्या वाटेवर छकड्याचे चाक चिखलात रुतले. पाठीला उसण भरली आहे.

ता. २९ सप्टेंबर

ठाण्याहून फाटकाचे पत्र आले. फाटक माझा जुना शाळासोबती, साप्ताहिकांतून लिहितो. त्याला तो छापील उल्लेख शोधून पाठव म्हणून लिहिले होते. त्याने कात्रण पाठवले. लेखक स्वतः फाटकच. लेखात म्हटले आहे: ‘दाभोसे येथील एका व्यासंगी विद्वानाच्या मते हा पुतळा धारोजी नामक घाटरक्षकाचा असावा.’

दाभोशात मी सोडून लिहिता माणूस नाही. म्हणजे तो विद्वान मी.

क्षणभर थोडे खट्टू वाटले. पण शांतपणे विचार केला. मी हे दोन वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे सांगितले. फाटकाने स्वतंत्रपणे छापले. मोखाड्याच्या कारकुनाने स्वतंत्रपणे वाचले. आणि आज मी पुन्हा स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आलो. चार स्वतंत्र साधने, सगळी एकमेकांशी जुळणारी. तिसऱ्या वर्गातल्या तिघांचे मात्र एकाचे एकाशी जुळत नाही. कोणाही निःपक्षपाती माणसाला कौल कोणीकडे आहे ते दिसेल.

रिपोर्ट लिहायला घेतला. सुरुवातीची पाने फार चांगली उतरली.

ता. ३ ऑक्टोबर

रिपोर्ट टपालात टाकला. पाटीचा मजकूरही पाथरवटाकडे रवाना:

‘घाटरक्षक सरदार धारोजी. एका डोळ्यास जखम झाली असताही शत्रूशी एकट्याने झुंजून येथे धारातीर्थी पडला. साधने तपासून सिद्ध केले: त्र्यंबक माधव खांबेटे, हेडमास्तर.’

शाळेत मास्तर एकच असल्यामुळे हेडमास्तर म्हणायला हरकत नाही.

सौ.ने वाचले. मग म्हणाली की दगडावर कोरल्यावर खोडता येत नाही, एकदा गावात नीट विचारून का घेत नाही. मी म्हटले, विचारूनच बाद केले आहे.

ता. ११ ऑक्टोबर

यंदा आमचा दसरा नाही, वर्षभर सण नाहीत. दिवाळीलाही ठाण्यास जाणार नाही. दर वर्षी दिवाळीची सुट्टी ठाण्यात जाते, इथली दिवाळी कशी असते ते मला माहीतच नाही.

आज धोंडी आला. गावचे देवाचे काम तोच पाहतो. अंगात धुतलेली बंडी, हातात नारळ, म्हणजे कामासाठी आला हे समजले. दारातच उभा राहिला. म्हणाला, दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला देवाला शेंदूर लागतो, तो अवंदा मास्तरांकडून आला पाहिजे. मी विचारले, माझ्याकडूनच का. म्हणाला, दुसऱ्या कोणाकडून चालणार नाही, अवंदा तुमचेच घर.

मला गहिवरून आले. तीन वर्षांत या लोकांनी कधी असा मान दिला नव्हता. रिपोर्टाची बातमी पोचलेली दिसते. शेंदूर, तेल, सगळे देतो म्हटले. मग धोंडी जरा घुटमळला. तुमच्यात चालते ना, असे विचारले. म्हातारी माय सोवळ्याची होती, उगाच तिच्या जिवाला नको व्हायला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की ज्ञानाच्या कामात सोवळेओवळे नाही, आई असती तर तिलाही मी हेच सांगितले असते. धोंडीच्या डोळ्यांत पाणी आले. साधा माणूस, पण विचार पटला.

जाताना नारळ ओट्यावर ठेवून गेला. आई बसायची त्याच जागी. जागा कशाला निवडायची, ओटा मोकळाच आहे.

ता. १७ ऑक्टोबर

पोतनीससाहेबांचे उत्तर. रिपोर्ट वाचला, वर्गीकरणाची पद्धत अभिनव वाटली. पाहुण्यांसह ता. २७ रोजी येतो, अनावरण त्याच वेळी करू. ‘जव्हारच्या जागेविषयी समक्ष बोलू.’

हे शेवटचे वाक्य सौ.ला वाचून दाखवले. दुसऱ्यांदाही दाखवले. ती म्हणाली की आईंना जव्हारला यायचे नव्हते, इथेच बरे वाटते म्हणायच्या. आता त्याचा काय संबंध.

सामानाची यादी मनात केली. पुस्तके, पलंग, आईची सहाण. सहाण नेण्याचे कारण नाही. गावातल्या पोरांना घुटी उगाळून द्यायला ती वापरायची, रोज सकाळी चार-दोन बाया पोरे काखेला मारून ओट्याशी हजर. आमच्या घरात घुटी पिणारे कोणी नाही. तरी नेऊ. दगड चांगला आहे.

ता. २२ ऑक्टोबर

पाटी आली, पुतळ्यासमोर बसवली. अक्षरे सुंदर. माझे नाव धारोजीपेक्षा किंचित मोठे झाले आहे, पाथरवटाची चूक.

पुतळ्यावर पांढरे कापड टाकून दोरीने बांधले. जव्हारकडे हीच रीत आहे. धोंडीला सांगितले की वाघबारशीचा शेंदूर कापडाच्या आतूनच लावा आणि पुन्हा झाकून ठेवा, शेंदराने पुतळा नवा दिसेल, पाहुण्यांना बरे. आत कोणी डोकावू नये आणि मीही डोकावणार नाही, असे जाहीर केले. धोंडीला हे फार आवडले. म्हणाला, घरच्या माणसाने आधी बघायचे नसतेच. मला ठाऊक नव्हते, पण मान डोलावली.

दुपारी डोळा लागला. आनंदाने.

ता. २६ ऑक्टोबर, वाघबारस

सकाळपासून मोहाखाली गर्दी. कापडाच्या आत धोंडी, पांड्या आणि रखमी. बाहेर पोरे. मी शाळेच्या ओसरीवरून देखरेख केली, म्हणजे तिकडे पाठ करून बसलो. मधूनच रखमी पळत आमच्या घरी यायची आणि परत जायची. एकदा मूठभर चुना नेला. एकदा मिरीचा दाणा. सौ.नेही सकाळपासून स्वयंपाकघर सोडले नाही, वरईचे तांदूळ शिजवले, रताळी भाजली. आज उपास कोणाचा, असे विचारले. म्हणाली, धोंडी विचारत होता नैवेद्याला काय चालेल. दर वर्षी कोंबडे असते, यंदा त्यांनी आपणहून नको म्हटले.

पाहुण्यांसाठी इतका विचार. मी धोंडीला उगाच अडाणी समजत होतो.

संध्याकाळी ढोल वाजला. मी उद्याचे भाषण पाठ केले. तिसऱ्या वर्गाच्या साधनांवर एक विनोद घातला आहे, साहेब हसतील.

ता. २७ ऑक्टोबर, दुपार

लिहितो आहे, पण नीट लिहिता येत नाही.

पोतनीससाहेब आले, पाहुणे आले, सगळे गाव आले. भाषण केले. विनोदावर साहेब हसले. मग साहेबांनी दोरी ओढली.

आई बसली होती.

सगळा दगड डोक्यापासून पायापर्यंत लाल, आई नेसायची त्या आलवणासारखा. पगडी नाही, तुळतुळीत गोल डोके. मिशा नाहीत. चुन्याने काढलेला चष्मा, डाव्या बाजूला काळी दोरी. हनुवटीवर मिरीचा तीळ. तोंडाचा तो तिरपा भाव, ‘त्र्यंबका, पोरं गेली बघ’ म्हणण्याच्या अगदी आधीचा. पांड्याने काढला म्हणे. तो रोज शाळेमागून जायचा, त्याच्या डोळ्यांत बसला होता.

मी ‘आई’ म्हणालो. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

साहेबांनी चष्मा पुसला आणि खालची पाटी मोठ्याने वाचली. एका डोळ्यास जखम झाली असताही शत्रूशी एकट्याने झुंजून. मग वर पाहिले. मग पुन्हा पाटीकडे. त्यांनी शांतपणे विचारले की खांबेटे, हे नक्की कोण? मी काही बोलण्याआधी धोंडीने हात जोडून सांगितले, मास्तरांची माय, साहेब. अवंदा तिचे साल.

मग साहेबांनी विचारले तसे त्याने सगळे सांगितले. सालात गावातले जे माणूस जाते, ते वाघबारशीपासून पुढल्या वाघबारशीपर्यंत इथे वेशीवर बसते. पोरे राखते, गुरे राखते, मग आपल्या वाटेने जाते. जुना शेंदूर खरवडून नव्याने चेहरा त्याचा काढायचा, नाहीतर त्याला कसे कळणार की ही जागा आपली. शेंदूर घरच्या माणसाने द्यायचा. अवंदा गावात म्हातारी माय तेवढी गेली. ती आमच्या पोरांना घुटी द्यायची, साहेब. तिला परकी कशी धरायची.

पाहुण्यांपैकी एक बाई होत्या, त्यांनी पुढे होऊन वरईच्या नैवेद्याच्या पानाला नमस्कार केला. सौ. पदराआड होती. आधी हसत होती, मग रडत होती, मग मला कळेना. मला तर स्वतःचेही कळेना. मला रडू आले, एवढे मात्र स्पष्ट लिहून ठेवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

साहेब निघण्यापूर्वी ओसरीवर बसले. माझा रिपोर्ट पिशवीत होता. म्हणाले की तुमच्या पद्धतीने पाहता ‘धारोजी’चे मूळ साधन एकच, आणि ते तुम्ही. मी कबूल केले. मग म्हणाले, आजच्या साक्षीचा वर्ग कोणता लावायचा? साक्षीदार अशिक्षित, बायका आणि नातेवाईक. तिन्ही मिळून. मी म्हटले, साहेब, तिसरा. ते म्हणाले, तरीही माझी खात्री पटली, तुमची? मी होकारार्थी मान हलवली.

पाहुण्यांना धबधबा फार आवडला असे कळले.

ता. २८ ऑक्टोबर

अवंदाचा म्हणजे यंदाचा, हे काय मला ठाऊक नव्हते? पांड्याने पहिल्याच दिवशी सांगितले. रखमीने सांगितले. तुकाने तर विचारले, रडणारे कोणी आहे ना. आईने स्वतः सांगितले होते. मला वाटते मी त्या वेळी फार पद्धतशीर होतो.

सौ.ला विचारले की तुला माहीत होते तर बोलली का नाहीस. म्हणाली, तिसरा वर्ग. शिवाय धोंडीने सांगितले होते की घरच्या मुलाला आधी कळू द्यायचे नाही. आणि सांगितले असते तर मी शेंदूर दिला असता का, असे तिनेच विचारले. याचे उत्तर मी दिले नाही. इथेही लिहीत नाही.

ता. १२ नोव्हेंबर

पोतनीससाहेबांचे पत्र. पाटी काढून टाकावी. रिपोर्टातील निष्कर्ष अमान्य, परंतु मेहनत दिसते. जव्हारच्या शाळेत तिसऱ्या असिस्टंटची जागा रिकामी झाली आहे, हवी असल्यास महिनाअखेर रुजू व्हावे.

बदली. अखेर बदली. पत्र घेऊन ओसरीवर बसलो. समोर आई.

संध्याकाळी उत्तर लिहिले: ‘सदर पुतळ्यासंबंधी संशोधन अद्याप अपुरे आहे. संपूर्ण वर्षाचे प्रत्यक्ष निरीक्षण केल्याखेरीज निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सबब बदलीचा विचार पुढील वाघबारशीपर्यंत तहकूब ठेवावा.’ कारण पूर्णपणे शास्त्रीय आहे. सौ.ने पत्र वाचले आणि न मागता ताक आणून दिले.

ता. १५ नोव्हेंबर

पाटी उपटली. फेकावीशी वाटेना, नवी आहे. पांड्याने आणि मी ती पालथी घातली, अक्षरे खाली. आता पोरे घेऊन येणाऱ्या बाया तिच्यावर बसतात. सौ.ने सहाण बाहेर काढली आहे. घुटी तीच उगाळते, आईइतकी बरोबर होत नाही असे रखमी म्हणते, पण पोरे पितात.

संकल्पांचा आढावा घेतला. पहाटे उठणे जमले नाही. साधनांची नोंद बंद आहे.

आज ऊन होते, पोरे पाढे म्हणत होती, नेहमीप्रमाणे डोळे जड झाले. खुर्ची जरा मागे टेकवली आणि समोर पाहिले. ती बघत होती.

आज दुपारी वर्गात डोळा लागला नाही.